ताई होण्याआधी: परदेशातल्या घरात भारतातून दत्तक मूल आणताना

परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला कागदांची मोठी चळत जमवावी लागते. जन्मदाखले, विवाह नोंदणी, उत्पन्नाचे पुरावे, डॉक्टरांचे दाखले, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, ओळखीच्यांची शिफारसपत्रं. त्याच यादीत आणखी एक कागद असतो: घरात पाच वर्षांहून मोठं मूल असेल, तर त्याची संमती. पहिलीत जाणाऱ्या मुलीनं येणाऱ्या भावंडाला होकार द्यायचा आणि तो होकार फायलीत लागायचा. बाकीच्या धावपळीत बरेच आईवडील ही बाब एका संध्याकाळी उरकून टाकतात. मला ती या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत शहाणी अट वाटते. ज्या घरात आधीच लहान मुलं आहेत, तिथे दत्तक घेण्याचा निर्णय आईवडिलांचा असला तरी रोजचं जगणं त्या मुलांचंही बदलणार असतं.

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक मराठी कुटुंब आहे. आई-बाबा दोघंही आता अमेरिकी नागरिक, मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. आजी-आजोबा नाशिकला. या कुटुंबाला भारतातून एक मूल दत्तक घ्यायचं आहे. त्यांच्या वाटेवर काय काय येईल, ते पाहू.

पहिला प्रश्न कायद्याचा, आणि मराठी घरांमध्ये सर्वांत जास्त गैरसमज इथेच असतात. आपल्याकडे दत्तक फार काळ वंशाच्या हिशेबात बसवलेलं होतं. मूल नाही म्हणून दत्तक, आणि तेही मुलगा नाही म्हणून मुलगा. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात त्याच्या खुणा आजही आहेत. घरात मुलगा असेल तर या कायद्याखाली दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही असलेल्या एडिसनच्या कुटुंबाला तो दरवाजा बंदच. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं प्रश्नच उलटा विचारला. आईवडिलांना काय कमी आहे हे न पाहता, या मुलाला कोणतं घर योग्य आहे हे तो पाहतो. आईवडिलांचा धर्म कोणता, घरात आधी मुलगा आहे की मुलगी, याचा अडसर त्यात नाही. आणि देशाबाहेर जाणारं प्रत्येक दत्तकविधान याच कायद्याखाली झालं पाहिजे, असं त्याचं ५६ वं कलम स्पष्ट सांगतं.

हे कलम माहीत नसल्यानं नात्यातलं मूल दत्तक घेणारे अडकतात. दिराला तीन मुलं आहेत, त्यातलं धाकटं आम्ही घेतो, गावी होम करू, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवू आणि मूल अमेरिकेला नेऊ, असा बेत कितीतरी घरांत आखला जातो. नुसत्या त्या दत्तकपत्रावर अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही. नात्यातल्या मुलासाठी बाल न्याय कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे, पण तिलाही जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. शिवाय अमेरिकेच्या कायद्याची वेगळी अट आहे: जन्मदाते आईवडील दोघंही हयात असतील, तर ते मुलाचं नीट संगोपन करू शकत नाहीत हे सिद्ध करावं लागतं. चांगल्या चाललेल्या संसारातलं मूल त्या व्याख्येत बसत नाही. होम झालेला, पेढे वाटलेले, मूल काका-काकूंना आई-बाबा म्हणायला लागलेलं आणि मग व्हिसा नाकारलेला, ही अवस्था त्या मुलासाठी फार क्रूर असते. म्हणून वकिलाकडे आधी जावं, भटजींकडे नंतर.

आई-बाबा अमेरिकी नागरिक आहेत हे मी मुद्दाम सांगितलं. अमेरिकेत या प्रक्रियेचा पहिला अर्ज, आय-८००ए, फक्त अमेरिकी नागरिकाला भरता येतो. जोडप्यातला एक जण तरी नागरिक असावा लागतो. दोघंही ग्रीन कार्डावर किंवा एच-१बी व्हिसावर असतील तर हा रस्ता त्यांच्यासाठी नाही. भारताच्या बाजूनं पाहिलं तर अनिवासी भारतीयांना देशातल्या पालकांच्या बरोबरीचा क्रम मिळतो, म्हणजे भारत त्यांच्यासाठी दार उघडतो आणि ते राहतात तो देश उघडत नाही, अशी स्थिती येते. ज्यांना पुढे कधी दत्तक घ्यायचं आहे, त्यांनी स्थलांतराची पावलं टाकतानाच हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता भारताचे नियम. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, ज्याला सगळे 'कारा' म्हणतात, त्याचे सध्याचे नियम सप्टेंबर २०२२ चे आहेत. दोन वर्षांखालच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त नको; दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. मूल आणि आई किंवा बाबा यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. लग्नाला स्थिर अशी दोन वर्षं झालेली हवीत. आणि एडिसनच्या कुटुंबासाठी सर्वांत महत्त्वाचा नियम: ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुलं आहेत, त्यांचा विचार फक्त विशेष गरजा असलेल्या, किंवा ज्यांना बराच काळ कुणी स्वीकारलेलं नाही अशा मुलांसाठीच होतो.

काही जणांना हा नियम अन्याय वाटतो. मला तो रास्त वाटतो. भारतात दत्तकासाठी नाव नोंदवून थांबलेल्या पालकांची संख्या कायदेशीररीत्या मोकळ्या झालेल्या मुलांच्या कित्येक पट आहे, आणि निरोगी तान्ह्या बाळासाठी देशातल्या पालकांना तीन वर्षांहून अधिक थांबावं लागतं. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ भारतातल्याच घरांत. परदेशी गेलेली मुलं साडेतीनशेच्या आसपास. कायदा सांगतो की मूल दत्तकासाठी मोकळं झाल्यावर साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय घर मिळालं नाही, तरच परदेशी घराचा विचार करायचा. आणि त्यातही अपंगत्व असलेली, पाच वर्षांवरची आणि भावंडांसह असलेली मुलं आधी. म्हणजे 'परदेशातून अर्ज केला की बाळ लवकर मिळतं' ही ऐकीव गोष्ट खरी नाही. परदेशी घर हे ज्या मुलाला इथे घर मिळत नाही त्याच्यासाठी आहे.

हा क्रम आपल्याकडे एका पत्रामुळे आला. परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल एका नियतकालिकात वाचून लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. तोवर परदेशी लोक १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली नुसते पालक म्हणून नेमले जात, मूल घेऊन जात आणि आपल्या देशात दत्तकविधान करत. मूल विमानात बसलं की इथल्या कुणाला त्याची खबर राहत नसे. भगवतींच्या निकालानं सांगितलं की आधी जन्मदाते, ते शक्य नसेल तर भारतातलं दुसरं घर, आणि मग परदेश. परदेशी पालकांनी थेट येऊन मूल न्यायचं नाही. त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेनं त्यांच्या घराची पाहणी करून अहवाल द्यायचा. १९९० मध्ये कारा स्थापन झालं ते याच निकालाच्या पाठोपाठ. परदेशी दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारातही हाच क्रम आहे. भारतात हा करार ऑक्टोबर २००३ पासून लागू झाला, अमेरिकेत एप्रिल २००८ पासून.

आज वेळखाऊ वाटणारा एकेक कागद कुठल्या तरी मुलावर झालेल्या अन्यायानंतर आलेला आहे, हे जुन्या घटना वाचल्या की कळतं. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी दांपत्यानं, स्वतःची सहा मुलं असताना, कोरियातल्या युद्धात अनाथ झालेली आठ मुलं दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकी संसदेनं खास कायदा केला. त्यांच्या भावनेवर शंका घ्यायचं कारण नाही. पण त्यांच्या मागोमाग दक्षिण कोरियातून जी परदेशी दत्तकाची लाट सुरू झाली, तिच्यात पुढच्या दशकांत दीड-दोन लाख मुलं देशाबाहेर गेली, आणि मार्च २०२५ मध्ये त्या देशाच्याच सत्यशोधन आयोगानं मान्य केलं की कित्येक मुलांच्या नोंदी खोट्या होत्या. आईवडील असलेल्या मुलांना अनाथ दाखवलं गेलं होतं. आपण लांब जायला नको. पुण्यातल्या प्रीत मंदिर या संस्थेच्या दत्तक व्यवहारांचा तपास २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्या बातम्या वाचल्यावर 'मूल खरोखर सोडलेलं आहे ना' हा प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणत्याही समंजस आईबापांनी चिडू नये.

अनेक देशांनी तर आता ही वाटच बंद केली आहे. इथिओपियानं २०१८ मध्ये, चीननं २०२४ मध्ये. नेदरलँड्सनं आपल्या नागरिकांनी परदेशातून मुलं आणणं टप्प्याटप्प्यानं थांबवायचं ठरवलं आहे. अमेरिकेत २००४ मध्ये जवळपास २३ हजार मुलं परदेशातून दत्तक आली होती. २०२३ मध्ये हा आकडा तेराशेच्याही खाली गेला. भारतानं दार बंद केलेलं नाही, पण ते अरुंद ठेवलं आहे, आणि मला ते तसंच हवं आहे.

अर्थात उशिराचीही किंमत असते आणि ती मूल देतं. रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ लहानग्यांवर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी २००० पासून केलेल्या अभ्यासात दिसलं की संस्थेतून साधारण दोन वर्षांच्या आत घरात गेलेली मुलं, नंतर गेलेल्या मुलांपेक्षा माणसांशी नातं जोडण्यात बरीच पुढे होती. म्हणून मूल खरोखर मोकळं आहे का, याची चौकशी हवा तितका वेळ घेऊन व्हावी. आणि ती झाल्यावर सही नाही, साहेब रजेवर आहेत, अशा कारणांनी एक दिवसही जाऊ नये. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामागे हाच विचार होता.

मार्ग असा जातो. एडिसनचं कुटुंब थेट काराकडे जाऊ शकत नाही. काराची मान्यता असलेल्या अमेरिकी एजन्सीमार्फतच जायचं. एजन्सीची समाजसेविका घराची पाहणी करते, तो अहवाल आणि आय-८००ए अर्ज अमेरिकी इमिग्रेशन विभागाकडे जातो, त्यांनी पात्र ठरवल्यावर काराच्या पोर्टलवर नोंदणी होते. मग एका मुलाची माहिती येते: त्याचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणी, फोटो. कुटुंबानं होकार दिला की अमेरिकेकडून 'हे पालक योग्य आहेत आणि मुलाला कायमचा प्रवेश मिळेल' अशी लेखी हमी येते, कारा ना हरकत प्रमाणपत्र देतं, मूल ज्या जिल्ह्यात आहे तिथले जिल्हाधिकारी आदेश देतात. त्यानंतर दत्तकविधान हेग करारानुसार झाल्याचं प्रमाणपत्र, मुलाचा भारतीय पासपोर्ट आणि व्हिसा. संस्थेला मुलाच्या संगोपन निधीपोटी ठरलेले ५,००० डॉलर द्यायचे असतात. एजन्सीची फी आणि प्रवास वेगळा. याखेरीज कुणी कुठेही देणगी मागितली तर ती देऊ नये आणि एजन्सीला कळवावं.

घराची पाहणी, म्हणजे होम स्टडी, हा शब्द ऐकला की लोक घर रंगवायला काढतात. समाजसेविका धुराचा अलार्म बघते, औषधं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवलीत का बघते, पण ती मुख्यतः माणसं वाचायला आलेली असते. नवरा-बायको एकत्र, मग वेगवेगळे, असं बोलणं होतं. तुमचं लहानपण कसं गेलं, वडील मारायचे का, तुम्ही मुलांना रागावता तेव्हा काय करता, गर्भपात किंवा एखादं मूल गमावल्याचं दुःख आहे का, दोघांना काही झालं तर मुलांना कोण सांभाळेल. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासतात. आजी-आजोबा कायमचे राहायला आले असतील तर त्यांच्याही बोटांचे ठसे द्यावे लागतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे पालकांना किमान दहा तासांचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. मधे नोकरी बदलली, घर बदललं किंवा आई गरोदर राहिली, तर अहवालात ते घालून घ्यावं लागतं.

मराठी घरांत एक उत्तर ठरलेलं असतं: 'आम्ही मारत नाही, कधीतरी एखादी चापट.' ती चापट समाजसेविकेपासून लपवू नये. अनेक एजन्सी शारीरिक शिक्षा करणार नाही असं लिहून घेतात, आणि त्यामागे ठोस कारण आहे. जे मूल आधीच मार, उपासमार किंवा दुर्लक्ष सोसून आलं आहे, त्याच्यासाठी चापट ही चापट राहत नाही. २०१६ मध्ये बिहारमधल्या संस्थेतून टेक्सासमधल्या एका भारतीय वंशाच्या घरात गेलेली तीन वर्षांची मुलगी पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, त्या घरात मरण पावली. त्या घरात त्यांची स्वतःचीही लहान मुलगी होती. दत्तक वडिलांना जन्मठेप झाली. जेवू न शकणारं मूल आणि त्यानं जेवावं म्हणून हट्टाला पेटलेला मोठा माणूस, ही जोडी किती धोकादायक असते, हे प्रत्येक प्रशिक्षणात आवर्जून सांगायला हवं.

विशेष गरजांची यादी समोर येते तेव्हाही असाच खरेपणा लागतो. या शब्दात फार मोठा पल्ला आहे: शस्त्रक्रियेनं बरा होणारा फाटलेला ओठ, हृदयाला छिद्र, कमी ऐकू येणं, हिपॅटायटिस बी, आणि दुसऱ्या टोकाला आयुष्यभर सोबत राहणारा सेरेब्रल पाल्सी. कोणती गरज आपण पेलू शकू, यावर खुणा करताना आईबापांना अपराधी वाटतं. 'नाही' लिहिणं म्हणजे त्या मुलाला नाकारणं असं वाटतं. पण सहा आणि तीन वर्षांची दोन मुलं घरात आहेत, दोघंही नोकरी करतात, दवाखान्याच्या फेऱ्यांना कुणाचा वेळ आहे, विमा काय काय देतो, हे पाहून लिहिलेलं 'नाही' हे नंतर निभावता न येणाऱ्या 'हो' पेक्षा मुलाच्या जास्त हिताचं असतं. वैद्यकीय अहवाल अमेरिकेतल्या दत्तक मुलांच्या क्लिनिककडून वाचून घेता येतो. मिनेसोटा विद्यापीठात असं क्लिनिक १९८६ मध्ये सुरू झालं आणि नंतर इतरत्रही झाली. भारतीय अहवालातल्या 'विकास थोडा मंद' या तीन शब्दांचा अर्थ विचारायला हीच जागा.

आता घरातली दोन मुलं. वयाच्या क्रमाबद्दल बहुतेक समाजसेविका सांगतात की नवीन मूल शक्यतो घरातल्या शेंडेफळापेक्षा लहान असावं. सहा वर्षांची थोरली आहे आणि आठ वर्षांचा नवा मुलगा आला, तर ती एका दिवसात मधली होते. तीन वर्षांच्या मुलाच्या बरोबरीचंच मूल आलं, तर लोक दोघांना जुळ्यांसारखं वागवतात, उंची, वजन, बोलणं यांची रोज तुलना होते आणि संस्थेतून आलेलं मूल त्या तुलनेत रोज हरतं. हा पक्का नियम नाही, पण तो मोडायचा असेल तर एजन्सीशी सविस्तर बोलून मोडावा.

तीन वर्षांच्या मुलाला दोन वर्षं आधीपासून 'बाळ येणार' सांगण्यात अर्थ नाही; त्याच्यासाठी पुढचा रविवारच खूप लांब असतो. सहा वर्षांच्या मुलीला मात्र अर्ज करायच्या आधी सांगावं लागतं, आणि तिच्याकडून जे प्रश्न येतात ते मोठ्यांना घाबरवतात. तिची आई कुठे गेली? तिनं बाळ का देऊन टाकलं? आणि मग, बहुतेक दुसऱ्याच कुठल्या तरी वेळी, दात घासताना किंवा गाडीत मागच्या सीटवरून: मी त्रास दिला तर मलाही द्याल का? हा प्रश्न तिनं विचारला नाही तरी तो तिच्या मनात येतोच. आपण होऊन उत्तर द्यावं. कधीकधी मोठ्या माणसाला बाळाला सांभाळणं शक्यच नसतं, त्याचं कारण त्या मोठ्या माणसाच्या अडचणीत असतं, बाळाच्या वागण्यात कधीच नसतं. आणि तू कितीही मस्ती केलीस तरी हे घर तुझंच. हे एकदा सांगून भागत नाही.

तिच्या संमतीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. 'तुला खेळायला बहीण येईल' असं आमिष दाखवून मिळवलेला होकार हा होकार नाही. येणारं मूल पहिले काही महिने खेळणार नाही, कदाचित तिची खेळणी फेकेल, तिला चावेल, तिची भाषा बोलणार नाही. हे आधी सांगितल्यावर ती नाही म्हणाली, तर तिला नाही म्हणू द्यावं आणि कारण ऐकावं. बहुधा ते फार नेमकं असतं: माझी खोली जाईल का, रात्री गोष्ट कोण सांगेल. यांची उत्तरं देता येतात. तिची काही खेळणी फक्त तिची राहतील, झोपतानाची गोष्ट आई किंवा बाबांपैकी एक जण सांगेलच, हे ठरवून पाळावं. येणाऱ्या मुलाचा फोटो मात्र जुळणी पक्की होऊन कागद पुढे सरकेपर्यंत तिला दाखवू नये. जुळणी फिसकटू शकते, आणि फोटोतल्या बाळाला तिनं नाव देऊन टाकलेलं असतं.

नातेवाइकांचीही तयारी करावी लागते. 'तुम्हाला आहेत की दोन, कशाला?' आणि 'किती पुण्याचं काम!' ही दोन्ही वाक्यं मुलांच्या कानावर पडतात. दुसरं वाक्य जास्त नुकसान करतं, कारण त्यातून येणारं मूल उपकाराखाली दबतं आणि घरातल्या मुलांना आपण दानशूर असल्यासारखं वाटू लागतं. नव्या भावंडाची जन्मकथा ही त्याची स्वतःची आहे, ती शाळेत सांगायची नाही, हे ताईला समजावून सांगावं. कुणी विचारलंच तर 'ती माझी बहीण आहे' एवढं तिच्याकडे तयार असावं.

प्रत्यक्ष मूल आणायला जाताना तीन वर्षांच्या मुलाला संस्थेत पहिल्या भेटीला नेऊ नये, असं मला वाटतं. आजी-आजोबा नाशिकला आहेत, हे या कुटुंबाचं मोठं भाग्य. दोघं मुलं तिथे राहू द्यावीत, आई-बाबांनी नव्या मुलाबरोबर काही दिवस एकटं घालवावेत आणि मग सगळ्यांची भेट व्हावी. महाराष्ट्र दत्तकात वर्षानुवर्षं आघाडीवर आहे, पण मूल इथलंच मिळेल याची खात्री नाही. ते ओडिशातलं किंवा तमिळनाडूतलं असू शकतं. मराठी संस्थेतलं असेल, तर त्याच्या कानावर घरची भाषा पडेल हा फार मोठा आधार.

मूल संस्थेतल्या मावशींना सोडून येत असतं हे विसरता कामा नये. त्यांनीच त्याला अंघोळ घातलेली, भरवलेलं, थोपटलेलं. काही मुलं त्या मावशींसाठी रात्रभर रडतात. काही अजिबात रडत नाहीत आणि कुणाच्याही कडेवर हसत जातात. पाहुणे त्याला 'किती गोड, लगेच रमलं' म्हणतात, पण समाजसेविका दुसऱ्या प्रकाराकडे जास्त लक्ष देतात, कारण त्या मुलाला आपलं माणूस कोण हे अजून ठरवता आलेलं नसतं. म्हणून सुरुवातीचे आठवडे भरवणं, निजवणं, अंघोळ फक्त आई-बाबांनी करावी. ताईनं खेळावं, भरवू नये. मोठा समारंभ, हॉल, शंभर माणसांनी हातोहात घेणं, हे पुढे ढकलावं. संस्थेतून निघताना मावशींना विचारून घ्यावं: काय खातं, कधी झोपतं, उजेड लागतो का, लाडानं काय म्हणता. अंगावरचा कपडा आणि पांघरूण न धुता सोबत आणावं. संस्थेनं ठेवलेलं नाव निदान मधलं नाव म्हणून तरी राहू द्यावं. आणि घरातला मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागला किंवा मुलगी अचानक बाटलीतून दूध मागू लागली, तर काही दिवस ते चालू द्यावं.

घरी आल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे सहा पाठपुरावा अहवाल एजन्सीकडून काराला जातात. या भेटींत सगळं छान आहे असं दाखवायचा मोह टाळावा. मदत मागायची हीच वेळ असते. नागरिकत्वाचा कागदही त्याच वर्षी पुरा करून ठेवावा. २७ फेब्रुवारी २००१ पासून पूर्ण दत्तकविधान होऊन अमेरिकेत आलेल्या मुलाला प्रवेशाबरोबर आपोआप नागरिकत्व मिळतं. पण त्याआधी दत्तक गेलेल्या कित्येक मुलांच्या आईवडिलांनी अर्जच केला नाही. लहानपणी मुंबईतून दत्तक गेलेल्या एका महिलेला २००८ मध्ये अमेरिकेनं हद्दपार करून मुंबईत परत पाठवलं. तिला इथली भाषाही येत नव्हती.

सगळ्या कागदांची, संस्थेच्या पत्त्याची, मावशींच्या फोटोंची एक फाइल मुलाच्या नावानं करावी आणि तिच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. पुण्यातून जर्मनीत दत्तक गेलेल्या एका तरुणाला स्वतःची फाइल पाहायला मिळावी म्हणून वर्षानुवर्षं खटला चालवत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं. आताच्या नियमांत दत्तक मुलाला आपल्या मुळांचा शोध घेण्याचा हक्क आहे: अठरा वर्षांखालील मुलानं पालकांसह आणि त्यानंतर स्वतः एकट्यानं अर्ज करायचा. जन्मदात्या आईनं मूल सोपवताना ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिच्या संमतीशिवाय नाव कळत नाही. तारीख, ठिकाण, परिस्थिती मात्र कळू शकते. हा अर्ज करायची इच्छा मुलाला चौदाव्या वर्षी होईल, तिसाव्या वर्षी होईल किंवा कधीच होणार नाही. ती झाली तर त्याच्यासोबत भारतात कोण येईल, असं विचारलं तर पुष्कळ घरांत पहिला हात ताईचा वर होतो.